कलम लागण्याआधी

‘नीट वागा, नाहीतर गोंदियाला टाकीन.’ राज्यातल्या सरकारी कचेऱ्यांत ही धमकी वर्षानुवर्षं चालत आली आहे. गोंदिया नसेल तर गडचिरोली. मुंबईहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस जिथे संपते, कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस जिथे संपते, ते हे गोंदिया. भाताच्या गिरण्या, मालगुजारी तलाव, सारस पक्षी आणि मारुती चितमपल्लींमुळे मराठी वाचकाच्या ओळखीचं झालेलं नवेगावबांध. इथे राहणं ही शिक्षा वाटावी, असं या मुलखात काही नाही. तरी शासनालाही ६ ऑगस्ट २००२ चा निर्णय काढून आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एक पायरी वरची वेतनश्रेणी द्यावी लागली, कारण लोक इकडे यायला तयार नव्हते.

पण जो आधीच गोंदियात आहे, त्याला कुठे टाकणार? त्याच्यासाठी जिल्ह्याच्या आत आणखी एक उतरंड आहे. गोंदिया शहर, मग आमगाव-तिरोडा, मग सडक अर्जुनी, आणि शेवटी देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या कडेची गावं. जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, तालुके आठ. त्या आठांमधलं अंतर बसच्या तासांत मोजायचं नसतं, साहेबाच्या मर्जीत मोजायचं असतं. रजा, प्रवासभत्त्याचं बिल, मुख्यालय सोडण्याची परवानगी, वेतनवाढ, गोपनीय अहवाल हे सगळं एकाच माणसाच्या सहीत अडकलेलं असतं. तो माणूस चांगला असेल तर दुर्गम भागातली नोकरी सुखाची होते. तो माणूस वाईट असेल, तर तिथे दुसरं कुणीच नसतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कामाचा हिशेब मागणं म्हणजे छळ नव्हे. लसीकरण का राहिलं, पटावरची मुलं शाळेत का नाहीत, गस्तीची नोंद का नाही, हे वरिष्ठाने विचारलंच पाहिजे, आणि कधी आवाज चढवूनही विचारलं जाईल. छळ सुरू होतो तो विचारणं संपल्यावर. आढावा बैठकीत एकाच व्यक्तीला दर वेळी उभं करून चाळीस जणांसमोर तिची अक्कल काढणं, रात्री अकराला व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचंच नाव टाकणं, रजेचा अर्ज टेबलावर पडू देणं, पगार ‘तांत्रिक कारणाने’ अडकवणं, आणि हे सगळं ती मोडेपर्यंत करत राहणं. एकेक घटना सुटी पाहिली तर किरकोळ दिसते, आणि त्यामुळेच तक्रार लिहायला बसलेल्या माणसाला नेमकं काय लिहावं ते कळत नाही.

विदर्भात नोकरी करणाऱ्या एका बाईने ते लिहून ठेवलं आहे. मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ ला आपल्या सरकारी निवासस्थानी आयुष्य संपवलं. जंगलात लाकूडचोर आणि शिकाऱ्यांना न घाबरणारी ही अधिकारी ‘लेडी सिंघम’ म्हणून ओळखली जायची. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी आपल्या थेट वरिष्ठाविषयी, म्हणजे उपवनसंरक्षकाविषयी, लिहिलं होतं. गावकऱ्यांसमोर आणि हाताखालच्या लोकांसमोर होणारी शिवीगाळ, अडवलेला पगार, नाकारलेली रजा, वेळी-अवेळी बोलावणं, आणि गर्भार असताना जंगलात पायी फिरायला लावल्याचा आरोप, त्यानंतर झालेला गर्भपात. पत्र ज्यांच्या नावे होतं ते त्या उपवनसंरक्षकाच्याही वरचे अधिकारी, आणि त्यांच्याकडे आपण आधी तक्रार केली होती, असंही पत्रात होतं. उपवनसंरक्षकाला दुसऱ्या दिवशी नागपूर रेल्वे स्थानकावर अटक झाली. वरचे अधिकारी निलंबित झाले.

अटक, निलंबन, चौकशी, दूरचित्रवाणीवर वाद. यंत्रणेला किती वेगाने हलता येतं ते २६ मार्चपासून दिसलं. २४ मार्चपर्यंत हेच सगळं कागदावर आणि तोंडी सांगून झालेलं होतं. या घटनेतली सर्वात अस्वस्थ करणारी बाब मला हीच वाटते. दीपाली चव्हाण गप्प बसल्या नव्हत्या. ‘बोलायला हवं होतं’ हा सल्ला त्यांच्या बाबतीत देताच येत नाही.

गोंदियाकडचा नवेगाव-नागझिरा हा २०१३ मध्ये घोषित झालेला राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प. तिथेही महिला वनरक्षक आहेत, वनपाल आहेत, संरक्षण कुटीत रात्र काढणाऱ्या मुली आहेत. हरिसालला जी रचना होती तीच इथे आहे: वरिष्ठ एक, सही त्याची, आणि तक्रार ‘योग्य मार्गाने’ म्हणजे त्याच्याच टेबलावरून जाणारी.

माणूस गेल्यावर तरी कायदा नीट चालतो का? तेव्हाच्या औरंगाबादच्या शिक्षण विभागातल्या एका कर्मचाऱ्याने ऑगस्ट २०१७ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या पत्नीची तक्रार होती की वरिष्ठ प्रमाणाबाहेर काम देत, सुट्टीच्या दिवशी बोलावत, महिनाभराचा पगार रोखला, वेतनवाढ थांबवण्याची धमकी दिली. उच्च न्यायालयाने आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एखाद्याने जीव द्यावा अशी परिस्थिती मुद्दाम निर्माण केली तर हे कलम लागू शकतं, पण या प्रकरणात तेवढं दिसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. फौजदारी कायद्याच्या तराजूत ते बरोबरही असेल. आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं कलम, जुनं ३०६ आणि आता भारतीय न्याय संहितेतलं १०८, हे सुट्टीच्या दिवशी बोलावणाऱ्या साहेबासाठी बनलेलंच नाही. पण त्याच्या आधीच्या टप्प्यावर दुसरं कलम नसल्यामुळे सगळं ओझं या एकाच कलमावर येऊन पडतं.

छळाला विशिष्ट नाव असेल तर मात्र दारं आहेत. वरिष्ठाचं वागणं लैंगिक स्वरूपाचं असेल तर २०१३ चा कायदा आहे. जातीवरून असेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा. विद्यार्थ्याच्या बाबतीत राज्याचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ ला त्यांनी जीव दिला, तेव्हा त्यांच्या तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर यातले दोन-दोन कायदे लागले. निवासी डॉक्टर म्हणजे विद्यार्थीही आणि कर्मचारीही. ज्याचा छळ ना लैंगिक, ना जातीचा, ना कॉलेजातला, जो फक्त रोज अपमानित होतो, त्याच्यासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही.

म्हणून गोंदियात आधार शोधायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारावा लागतो: तुमची नेमणूक कुणाची? शासनाचा कर्मचारी असेल, म्हणजे वनरक्षक, तलाठी, पोलीस, तर सेवाविषयक अन्यायासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं नागपूर खंडपीठ आहे, साधारण १३० किलोमीटरवर. जिल्हा परिषदेचा शिक्षक किंवा आरोग्यसेविका असेल, तर न्यायाधिकरणाचं दार त्यांच्यासाठी नाही. शिक्षेविरुद्ध विभागीय आयुक्त, नाहीतर थेट उच्च न्यायालय. खासगी शाळेतल्या शिक्षकाला १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण दिलं, पण ते उघडतं बडतर्फी, पदावनती किंवा डावललेल्या बढतीनंतर. संस्थाचालक स्टाफरूममध्ये रोज पाणउतारा करतो, एवढ्यावर ते उघडत नाही. गिरणीतला किंवा दुकानातला कामगार असेल तर औद्योगिक संबंध संहिता आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात मालक-कामगार समसमान, आणि तीस दिवसांत निकाल. हे चांगलं हत्यार आहे आणि गोंदियाच्या कामगारांपर्यंत ते पोचवायला हवं. मात्र ज्या लहान राइस मिलच्या हजेरीपटावर वीस नावंच नाहीत, तिथे समितीही नाही.

आणि आशाताई? तिची अवस्था सगळ्यांत विचित्र. सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका आहे, तिला पगार नाही, मोबदला आहे. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने आशांसारख्या योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना अशी शिफारस केली, ती तशीच पडून आहे. त्यामुळे तिला गोपनीय अहवाल नाही, वेतनवाढ नाही, म्हणून त्यांची धमकीही नाही. तिला एकच धमकी पुरते: ‘उद्यापासून येऊ नको.’ राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्याचं भय थोडं वेगळं. त्याची नेमणूक वर्षाहून कमी मुदतीची, मध्ये खंड, आणि पुढच्या नेमणुकीआधी मूल्यांकन. ते मूल्यांकन कोण करणार, हे त्याला वर्षभर आठवत राहतं.

इथे एक कायदा मला फार मोलाचा वाटतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ कोण, याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. कायम, हंगामी, कंत्राटी, रोजंदारी, मोबदला घेणारी किंवा न घेणारी, अगदी स्वयंसेविकासुद्धा. म्हणजे किमान वेतनासाठी जी आशाताई कामगार नाही, ती या कायद्यापुरती पूर्ण कर्मचारी आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणाची तक्रार, किंवा खुद्द मालकाविरुद्धची तक्रार, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि अर्ज घ्यायला तालुक्यात समन्वय अधिकारी नेमायचा असतो. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ ला आणि पुन्हा ३ डिसेंबर २०२४ ला देशभरातल्या जिल्ह्यांना बजावलं की या समित्या कागदावर नकोत, प्रत्यक्षात हव्यात. तक्रारीला मुदत तीन महिन्यांची, कारण पटलं तर आणखी तीन. ही मुदत तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेली असायला हवी, कारण भीती ओसरेपर्यंत बहुतेकींचे तीन महिने निघून जातात.

कायद्यात नसलेला छळ कायद्यात आणता येतो, याचा दाखला याच जिल्ह्याच्या एका जुन्या धंद्यात आहे. गोंदिया-भंडारा हा तेंदूपानाचा आणि बिडीचा मुलूख. बाई मांडीवर सूप घेऊन बसते, भिजवून मऊ केलेलं पान पत्र्याच्या मापावर कात्रीने कापते, चिमूटभर जर्दा भरते, बोटांनी वळते, टोक दुमडते, दोरा बांधते. हजार बिड्यांवर मजुरी. संध्याकाळी हा माल सट्टेदाराकडे, म्हणजे मालकाच्या कंत्राटदाराकडे, जातो. तो जुडी हातात घेतो, दाबून पाहतो, आणि काही बिड्या बाजूला फेकतो. ही छाट. पान फाटलंय, वळण सैल आहे, जर्दा कमी आहे, कारण काहीही. छाटीची मजुरी नाही. अनेक ठिकाणी त्या बिड्या परतही मिळत नसत, मालकाकडेच राहत. दिवसभर वाकून वळलेला माल डोळ्यांसमोर बाजूला पडायचा आणि बाईने काही बोलायचं नाही, कारण उद्याची पानं आणि जर्दा त्याच हातातून यायचा होता.

त्यात पैशाची लूट होती, पण तेवढंच नव्हतं. कुणाची छाट किती काढायची हे सट्टेदाराच्या मर्जीवर होतं, आणि उलट बोलणारीची छाट वाढत असे. रजा, बिल आणि गोपनीय अहवाल एका सहीत अडकलेल्या आजच्या कर्मचाऱ्याला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. बिडी कामगारांच्या संघटना छाटीविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या. १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांचा केंद्रीय कायदा झाला, तेव्हा त्याच्या ३९ व्या कलमात छाट आली. नाकारलेल्या बिड्या, त्यांची मजुरी आणि कच्चा माल यांवरचे वाद राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढे, झटपट पद्धतीने मिटवायचे. सट्टेदाराची मर्जी ही तिसऱ्या माणसाने तपासायची बाब झाली. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण घरी बसून बिड्या वळणाऱ्या, निरक्षर, विखुरलेल्या बायकांच्या रोजच्या अपमानाला संसदेने कायद्यात जागा दिली, ही गोष्ट पदवीधर नोकरदारांनी लक्षात ठेवावी.

आज एखादा कर्मचारी तक्रार करतो तेव्हा काय होतं ते जवळून पाहू. तो अर्ज लिहितो, ‘मार्फत’ म्हणून खाली त्याच वरिष्ठाचं पदनाम लिहावं लागतं. अर्ज आवक बारनिशीत नोंदला जातो, म्हणजे दुपारपर्यंत कचेरीतल्या सगळ्यांना कळतं. वरिष्ठाचा अभिप्राय मागवला जातो. अभिप्राय येतो: सदर कर्मचारी कामात हलगर्जी करतात, यापूर्वीही त्यांना समज देण्यात आली आहे. ती समज द्यायची राहिली असेल तर याच आठवड्यात कारणे दाखवा नोटीस निघते. मग वरून पत्र येतं, ‘आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी,’ आणि ते पत्र पुन्हा त्याच टेबलावर येऊन बसतं.

म्हणून जाणती माणसं काही गोष्टी सांगतात, आणि त्या खऱ्या उपयोगाच्या आहेत. अर्जाची एक प्रत थेट वरच्या कार्यालयात स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. वही ठेवा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, समोर कोण होतं. ‘नेहमी त्रास देतात’ या वाक्याला चौकशीत किंमत नाही. ‘मंगळवारी बैठकीत अमुक जणांसमोर हे म्हणाले’ याला आहे. तोंडी आदेश मिळाला तर त्याच दिवशी दोन ओळींचा निरोप पाठवून तो लेखी करून घ्या. मोबाइलमधले संदेश पुसू नका. रजेच्या अर्जाचं काय झालं ते माहिती अधिकारात विचारा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गोपनीय अहवालातला शेरा लपवता येत नाही. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात २००८ मध्येच सांगितलं आहे. ‘सीआर खराब करीन’ या धमकीतली निम्मी हवा एवढ्याने निघते, पण हा निकाल आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतो?

वकिलाचे पैसे नसतील तर गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, दूरध्वनी १५१००. महिलांसाठी १८१. आणि झोप उडाली असेल, सकाळी कचेरीचं फाटक दिसताच छातीत धडधडत असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ वर टेली-मानस आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून आहे. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे आपली चूक कबूल करणं नव्हे. तिथला केसपेपर पुढे चौकशीत उपयोगी पडतो, हेही सांगून ठेवतो.

तरी सगळ्यांत मोठा आधार या यादीत नाही. तो शेजारच्या टेबलावर बसतो. छळणाऱ्याची पहिली कामगिरी असते माणसाला एकटं पाडणं. चार दिवसांत लोक तिच्यासोबत चहाला जायचं टाळतात, डबा वेगळा खातात, ‘माझं नाव घेऊ नको हं ताई’ म्हणतात. त्यांनाही घर आहे, हप्ते आहेत, त्यांची भीती खोटी नाही. पण बैठकीत एकाने एवढंच म्हटलं, ‘साहेब, हे काम आमच्या सगळ्यांचंच राहिलंय, फक्त मॅडमचं नाही,’ तर खोलीतली हवा बदलते. एकाच्या अर्जावर सहा सह्या असल्या की अभिप्राय लिहिणाऱ्याची लेखणी सावध होते. अंगणवाडी सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून जास्त राज्यव्यापी संप केला, तो मानधनासाठी होता. पण एकदा असं एकत्र बसलेल्या बायकांपैकी एकीला पर्यवेक्षिका एकटं गाठून दरडावू लागली, तर संघटनेचा फोन पाच मिनिटांत येतो. वेगळा कायदा नसलेल्या माणसाला आज तरी संघटना हाच कायदा आहे, आणि ज्या कचेरीत संघटनेचे पुढारीच साहेबाच्या गाडीतून फिरतात, तिथे तोही नाही.

बाहेरच्या जगात कायद्यातली ही पोकळी कमी होत आली आहे. स्वीडनने १९९३ मध्येच कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध नियम केले. फ्रान्समध्ये डिसेंबर २०१९ मध्ये फ्रान्स टेलिकॉमच्या माजी प्रमुखाला शिक्षा झाली. हजारो लोकांनी आपणहून नोकरी सोडावी म्हणून कंपनीने धोरण म्हणून चालवलेला मानसिक छळ, हा गुन्हा. जपानने वरिष्ठाच्या छळाविरुद्ध कायदा केला आणि एप्रिल २०२२ पासून तो लहान उद्योगांनाही लावला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०१९ मध्ये १९० वा करार मंजूर केला; त्यात छळ म्हणजे फक्त लैंगिक छळ नव्हे, आणि कामगार म्हणजे फक्त कायम कामगार नव्हे. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

महाराष्ट्राला मात्र दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे. पहिल्यांत राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ खाली राज्यपाल दुरुस्ती करू शकतात, दुसऱ्यांत राज्य शासन. दोन्हींत हे दोन नियम घालावेत. हाताखालच्या माणसाचा वारंवार अपमान करणं, रजा आणि पगार सूड म्हणून अडवणं, ही गैरवर्तणूक ठरावी. आणि अशी तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या टेबलावरून जाऊ नये. ती तालुक्याबाहेरच्या, त्या खात्याच्या बाहेरच्या अधिकाऱ्याने घ्यावी, तिची पोच त्याच दिवशी मिळावी, आणि चौकशी संपेपर्यंत तक्रारदाराची बदली, मूल्यांकन आणि पगार त्या वरिष्ठाच्या हातात राहू नये. कंत्राटी कर्मचारी आणि आशाताई यांची नावं त्यात स्पष्ट लिहावीत, कारण न लिहिलेलं त्यांना कधीच लागू होत नाही.